हीच घ्या, बाई

एका मंगळवारी सकाळी पुलाखालच्या चढावर जुन्या गाडीने काळा धूर सोडला, दोन आचके दिले आणि ती कायमची बंद पडली. ड्रायव्हरकाकांनी किल्ली पुन्हा पुन्हा फिरवून बघितली. अकरा वर्षं चालवलेली गाडी. तिची लांबी-रुंदी त्यांच्या अंगात भिनली होती; डोळे मिटूनही, कुठल्या फाटकातून किती बोटं जागा ठेवून काढायची ते त्यांनी सांगितलं असतं. आणि अलीकडे त्यांचं काम बरंचसं तसंच, अंगाच्या अंदाजावर चाललं होतं. नव्या गाडीत हा अंदाज कुठून आणायचा?

बाई पुलांच्या इंजिनिअर. गावोगावचे पूल तपासायचे, खांबांना गेलेले तडे मोजायचे, नदीच्या पात्रात उतरून पाया बघायचा, हे त्यांचं काम. काका त्यांच्याकडे एकोणीस वर्षं होते. बाईंची मुलगीसुद्धा दवाखान्यातून घरी आली ती काकांच्याच गाडीतून. आता ती नऊ वर्षांची होती आणि रोज सकाळ-दुपार काकाच तिची शाळेत ने-आण करत.

"काका, गाडी तुम्हीच पसंत करा," बाई धूर बघत म्हणाल्या. "मी काय, मागे बसणार. दोन बघून ठेवल्यात. एक आरामाची आहे, एक दणकट. दोन्ही चालवून बघा आणि मला सांगा. तुम्ही म्हणाल ती."

काकांनी मान हलवली. मान हलवणं त्यांना आता सवयीचं झालं होतं. आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं होतं. हनुवटी टेकवा, समोर बघा, ठिपका चमकला की बटण दाबा. काका बटणावर अंगठा ठेवून बसले, बसले, बसले. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलंय. मग कागद हातात आला. त्यावर उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला नुसता काळा पट्टा.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले होते. "समोरचं तुम्हाला लख्ख दिसेल, म्हणून कळलं नाही. गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली थेंबांनी टिकवू. गाडी मात्र आजपासून बंद."

थेंब त्यांनी न चुकता घातले. गाडी बंद केली नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता आठ महिने गेले. बायकोला सांगितलं, डोळ्यांची आग होते. बाईंना काहीच सांगितलं नाही. उजव्या आरशावर एक छोटा गोल आरसा चिकटवला, प्रत्येक वळणावर पूर्ण मान फिरवायला लागले, अंधार पडायच्या आत घरी कसं पोचता येईल याची गणितं मांडायला लागले. "काका, तुम्ही घुबडासारखी मान का फिरवता?" असं बाईंच्या मुलीने एकदा विचारलं तेव्हा ते हसले होते, पण पुढचं वळण त्यांनी आणखी सावकाश घेतलं होतं.

गुरुवारी आरामाची गाडी बघायला गेले. शोरूमची फरशी एवढी चकचकीत की काकांनी आधी बूट पुसले. गाडी काळी, रुंद, आतल्या सीटचं कातडं लोण्यासारखं मऊ. टाय लावलेला सेल्समन शेजारी बसला, बाई मागे. गाडी सुरू झाली हे काकांना काट्याकडे बघून कळलं, आवाजच नव्हता.

"ही बघा गंमत," सेल्समनने पडद्यावर बोट ठेवलं. पडद्यावर आख्खी गाडी वरून दिसत होती, पतंगावरून बघावी तशी. चारही बाजू. उजवी बाजूसुद्धा. आरशाच्या कोपऱ्यात एक पिवळा दिवा होता. त्या बाजूने कुणी आलं की तो लागायचा. काका त्या दिव्याकडे बघतच राहिले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

बाजारपेठेच्या चौकात वळताना गाडीने अचानक स्वतःच ब्रेक मारला. पट्टा काकांच्या छातीत रुतला. बोनेटच्या पुढ्यातून सायकलवर पुठ्ठ्याचे खोके बांधलेली एक बाई हात उगारत, शिव्या घालत निघून गेली. कुठून आली ती? काकांना ती दिसलीच नव्हती. पुसटशीसुद्धा नाही.

"बघितलंत?" सेल्समनचा आनंद मावेना. "गाडीनेच मारला ब्रेक! ड्रायव्हरचं लक्ष नसलं तरी गाडीचं असतं!"

"आमच्या काकांचं लक्ष नाही असं होत नाही हो," मागून बाई म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत एक ओरखडा नाही."

शोरूमच्या दारात गाडी लावून काका उतरले.

"काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

"हीच घ्या, बाई."

"दुसरी बघायची पण नाही?"

"तुमची पाठ," काका म्हणाले. "दगडधोंड्यातून तासन्‌तास हिसके बसतात तुम्हाला. हिच्यात एक जाणवणार नाही."

"माझ्या पाठीची आठवण घरात कुणाला राहत नाही, काका," बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत एवढी माया होती की काकांना वाटलं, धरणी दुभंगावी.

त्या संध्याकाळी ते गॅरेजच्या मिस्त्रीकडे जाऊन बसले. जुना दोस्त. त्याने गाडीचं नाव ऐकलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? ती घेऊन नदीत उतरणार? टायर बघितलेस का तिचे? नुसती रबराची पट्टी. एका धारदार दगडात फाटेल. वर स्टेपनी नाही तिला, पंक्चर बुजवायला फवाऱ्याचा डबा देतात! बाईंना घेऊन पात्रात अडकलास आणि वरून धरणाचं पाणी सोडलं तर काय करशील, फवारा मारशील?"

"बाईंची पाठ..."

"पाठीला उशी लाव. ती दुसरी घे. पुढची-मागची चारही चाकं ओढतात, कुठल्याही टपरीवर दुरुस्त होते. एवढं तुला कळत नाही? तुला?"

कळत होतं. तेच तर दुखणं होतं. एकोणीस वर्षांत काकांनी बाईंना एक खोटा सल्ला दिला नव्हता, आणि आता दिला होता तो बाईंना धोक्यात घालणारा, आपली नोकरी वाचवणारा. रात्रभर त्यांचा डोळ्याला डोळा लागला नाही. एकदा वाटायचं, त्या गाडीत मी तरी कुणाला मारणार नाही. एकदा वाटायचं, पडद्यावर चिखल उडाला की? पात्रातल्या चिखलात कॅमेरे किती वेळ स्वच्छ राहणार?

सकाळी बाईंचा फोन आला. "काका, मी तयार होते तुमचं ऐकायला. पण दुसरीवाले गाडी दिवसभरासाठी देतायत. आज पुलावर जायचंच आहे, तीच घेऊन जाऊ. मग ठरवू."

दणकट गाडी चौकोनी, उंच, मागच्या दाराला स्टेपनी लटकवलेली. आत पडदा एवढासा, तोही रेडिओचा. कॅमेरा नाही, पिवळा दिवा नाही. शोरूमचं कुणी सोबत आलं नाही. रस्ताभर काका मान फिरवून फिरवून अवघडले. पण पुलाशी रस्ता सोडून गाडी पात्रात उतरली आणि त्यांनी चारही चाकं जोडणारा छोटा लिव्हर मागे ओढला, तेव्हा गाडीने खालचा गिअर असा पकडला की जणू जमिनीला दात रोवले. गोटे, वाळू, गुडघाभर पाणी, पलीकडचा चढ. गाडी घाईत नव्हती, घाबरतही नव्हती. इथे उजवीकडून कुणी येणार नव्हतं. समोर जे होतं ते काकांना लख्ख दिसत होतं.

"वा!" बाई मागे दोन्ही हातांनी कडी धरून म्हणाल्या. पाठ दुखत असणार, पण त्या हसत होत्या. "जुनी गाडी इथवर कधी आली नव्हती. पुलाच्या पायापर्यंत चालत यायचे मी."

काकांना घटकाभर सगळ्याचा विसर पडला.

परतताना उशीर झाला. मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती, म्हणून तसेच शाळेकडे गेले. फाटकासमोर ही गर्दी. मुलं, दप्तरं, पालक, स्कूटर. काकांनी गाडी कडेला लावली, मुलगी पळत येऊन मागे आईशेजारी बसली, दार लागलं. बाई फोनवर बोलत होत्या. काकांनी उजवीकडे मान फिरवली, रस्ता मोकळा होता, मान समोर आणली, क्लच सोडला.

धाड्‌! बोनेटवर थाप बसली. पुन्हा, धाड्‌!

काकांनी ब्रेक दाबला. उजव्या बाजूला, बोनेटला जवळजवळ चिकटून, शाळेचा रखवालदार उभा होता. हातात लाल पाटी, पसरलेला हात, आणि त्या हाताच्या मागे रस्ता ओलांडणाऱ्या मुलांची रांग. सगळ्यात पुढचं मूल रखवालदाराच्या शर्टाला धरून होतं.

"दिसत नाही का?" रखवालदार ओरडला. "एवढी पाटी धरलीय! दिसत नाही?"

काकांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मागे बाईंचं फोनवरचं बोलणं थांबलं होतं.

"नाही," काका म्हणाले.

"काय नाही?"

"दिसत नाही मला. या बाजूचं दिसत नाही."

रखवालदाराने मुलांना आधी पलीकडे नेलं. मागून गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. बाई उतरल्या, पुढचं दार उघडलं. "सरका," एवढंच म्हणाल्या. काका डावीकडच्या सीटवर गेले. बाईंनी कित्येक वर्षांत गाडी चालवली नव्हती. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली.

घराच्या दारात मुलीला आत पाठवून बाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"आठ महिने झाले डॉक्टरांनी सांगून."

"आठ महिने." बाईंचा आवाज चिरकला. "आठ महिने रोज तुम्ही माझ्या मुलीला..." मग एकदम त्यांच्या लक्षात आलं. "म्हणून ती गाडी? माझ्या पाठीसाठी नाही?"

"पाठीसाठी नाही," काका म्हणाले. "ती गाडी माझ्याऐवजी बघत होती, म्हणून."

"घरी जा, काका," बाई म्हणाल्या. "आत्ता माझ्यासमोर थांबू नका."

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आग होते म्हणून महिन्याला थेंबांची एक बाटली लागते का कुणाला? मला वाटलं होतं, आज ना उद्या तुम्ही सांगाल. वाट बघत बसले मी मूर्खासारखी." आणि पाठ फिरवून ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घड्या झालेल्या कपड्यांच्याच पुन्हा.

त्यानंतरचे दिवस काकांनी खिडकीत काढले. फोन वाजला की ते धावत जायचे. तो कधी मिस्त्रीचा असायचा, कधी चुकीचा. बाईंनी पोलिसांत सांगितलं असेल का? सांगायलाच हवं होतं, असंही वाटायचं. रखवालदाराच्या शर्टाला धरलेली ती छोटी मूठ डोळ्यांसमोरून हलत नव्हती. लायसन्स एका पाकिटात घालून ते स्वतः आरटीओच्या कचेरीत जमा करून आले. खिडकीतल्या कारकुनाने कारण विचारलं तेव्हा ते त्यांनी मोठ्याने, दोनदा सांगितलं.

अकराव्या दिवशी दुपारी फोन वाजला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"काका, तो छोटा लिव्हर. मागे ओढायचा की पुढे?"

काका ताडकन उठले. "आधी गाडी न्यूट्रलला आणा, बाई. पूर्ण थांबू द्या. मग मागे."

"येत नाहीये."

"जोर लावा. घाबरू नका. पाणी कुठवर आहे?"

"अर्ध्या चाकाला."

"मग काही होत नाही. आली का? आता क्लचवरचा पाय हळूहळू सोडा. चाकं फिरली तर रेस देऊ नका, तिला तिच्या मनाने चढू द्या."

फोनमध्ये इंजिन घुमलं, गोटे घासले, बाईंचा श्वास ऐकू आला. बराच वेळ. मग पाण्याचा आवाज मागे पडला.

"आले वर," बाई म्हणाल्या. "दणकटच घेतली मी."

"बरं केलंत."

"मी अजून रागावलेय, काका. तो राग लवकर जाणार नाही."

"नाही जाणार," काका म्हणाले.

फोनमध्ये इंजिन बंद झालं आणि बाई म्हणाल्या, "मुलीची शाळा मी बघते. गाडी मी चालवते. पण पात्रात कुठून उतरायचं ते मला कळत नाही, आणि दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही. तुमच्यावरसुद्धा आहे का, ते माहीत नाही. उद्या पुलाशी या. बसने या."

दुसऱ्या दिवशी काका दोन बस बदलून गेले. नवी गाडी काठावर चिखलाने माखून उभी होती. बाई स्टिअरिंगवर, काच खाली, चेहरा ताठ. नमस्कार झाला. काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, एक लांब काठी घेतली आणि ते पाण्यात उतरले. काठीने तळ चाचपत ते पुढे निघाले. जिथे वाळू पोकळ लागली तिथून वळले, जिथे गोटे घट्ट होते तिथे थांबले. मग पूर्ण वळून त्यांनी बाईंकडे बघितलं आणि हात वर केला.

बाईंनी जरा वेळ घेतला. मग गाडी हळूच पाण्यात उतरली.