गिटारमधल्या काळ्या तारेची तक्रार

मी एक जुनी काळी तार आहे, जेमतेम वीतभर, आणि आज मला रागानंच बोलायचं आहे. मित्रांनो, तुम्ही इलेक्ट्रिक गिटारचा रंग पाहता, वरच्या चकचकीत तारा पाहता. मी तिच्या पोटात असते. त्या तारा ज्या धातूच्या पट्टीला अडकवतात, तिच्याखाली माझं एक टोक दाबलेलं. दुसरं आवाजाच्या बटणाच्या पाठीवर सोल्डरनं, म्हणजे वितळवलेल्या धातूनं, चिकटवलेलं. वाजवणाऱ्याचा हात तारांना लागला, की स्पीकरमधली घरघर मी गिळून टाकते. घरघर ऐकू आली नाही म्हणून मला आजवर कोणी शाबासकी दिलेली नाही.

सोलापुरात बारा वर्षांच्या चंद्रिकाकडे ही गिटार आली. तिचे काका शिवानंद यांनी जोडीला एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याच्या प्लगला पिना तीन, बैठकीतल्या बोर्डाला भोकं दोनच. काकांनी पकडीनं जाड पिन तोडली आणि म्हणाले, "आता बसतंय की." ती पिन अर्थिंगची होती, यंत्रातून गळलेला करंट जमिनीत नेणारी. तिच्यासाठी कोणी हळहळलं नाही.

दोन दिवसांत चंद्रिकाच्या बोटांना झिणझिण्या येऊ लागल्या. बैठकीतच देव्हारा, तिथं चप्पल चालत नाही. पोरगी फरशीवर अनवाणी. आजी सुंदरम्मांनी जेवायचा लाकडी पाट आणून नातीला त्यावर उभं केलं. झिणझिण्या थांबल्या, सगळे हसले. चंद्रिकाची आई दाक्षायणी तेवढी हसली नाही. पाटावर चढून वाजवावी लागते ती वस्तू पोरीच्या हातात द्यायचीच कशाला, असं तिनं विचारलं. मग काकांनी गिटार उघडली.

"वहिनी, चोर सापडला. ही काळी तारच करंट आणतीया."

आणि मला मधोमध कापलं.

चोर? मित्रांनो, करंट गळत होता अ‍ॅम्प्लिफायरमधून. जमिनीत जायची त्याची वाट बंद होती, म्हणून तो वायरीतून गिटारमध्ये आणि माझ्यातून पोरीच्या बोटांपर्यंत गेला. मी रस्ता होते, हे कबूल. पण त्याची खरी वाट तोडली कुणी?

आता गिटार घरघरत होती, पण झिणझिण्या नव्हत्या. काका खूश. पाट स्वयंपाकघरात परत गेला. तिसऱ्या दिवशी घरघर कमी करायला म्हणून चंद्रिका अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवायला गेली, हात त्याच्या लोखंडी पट्टीवर टेकला आणि ती झटक्यासरशी मागं फेकली गेली. कोपर भिंतीवर आपटलं. दाक्षायणीनं धावत जाऊन आधी बोर्डाचं बटण बंद केलं, मगच लेकीला पोटाशी धरलं. मी तुटलेली पडले होते आणि करंट जिथल्या तिथं होता.

दुसऱ्या दिवशी दाक्षायणीनं सगळं उचलून शंकरप्पांच्या दुरुस्तीच्या दुकानात आणलं. सामान काकांनाच वाहायला लावलं. शंकरप्पांनी मला पाहिलं, मग प्लग हातात घेतला.

"अक्का, ह्याची जाड पिन कुणी खाल्ली?"

दाक्षायणीनं दिराकडं पाहिलं.

"आणि शिक्षा ह्या गरीब तारेला व्हय?"

त्यांनी माझी तुटलेली टोकं सोलली, पीळ घातला, तापलेलं सोल्डर असं वितळवलं की सांधा आरशासारखा चमकला. अ‍ॅम्प्लिफायरची गळती काढली, प्लग नवा लावला. घरचा बोर्ड तीन भोकांचा करून घ्या, म्हणाले, आणि करंट ज्या मातीत उतरतो त्या अर्थिंगच्या खड्ड्यालाही उन्हाळ्यात पाणी पाजत जा, कोरडी माती करंट घेत नाही. वायरमननं बोर्ड बदलला, खड्डा पाहिला. तो खडखडीत वाळला होता. आता दर चार दिवसांनी नळाला पाणी आलं, की पहिली कळशी काकांनी त्यात ओतायची, असं दाक्षायणीनं ठरवून टाकलं आहे. पाण्याचे एवढे हाल असताना हे काय, म्हणून ते कुरकुरतात. कुरकुरू देत.

मित्रांनो, तुमच्या घरातले प्लग एकदा नुसते डोळ्यांनी बघा. कुठं पिन तोडलेली दिसली तर हात लावू नका, मोठ्यांना सांगा. ते "चालतंय की" म्हणाले, तर पुन्हा सांगा. आणि झिणझिणी आली तर पाट शोधू नका.

संध्याकाळी चंद्रिका अनवाणीच उभी राहते. दाक्षायणी दारातून बघत असते. पोरीचा हात तारांवर टेकतो आणि घरघर थांबते.

ती मी थांबवते.