शंभर दाणे

धुळाजीने ओल्या गोणपाटाची गुंडाळी ओट्यावर हळूच उलगडली. दहा ओळी, ओळीत दहा दाणे, असे शंभर सोयाबीन. पेरणीआधी घरचं बियाणं उगवेल की नाही हे अर्धं कुंभार पिंपळगाव त्याच्याकडून असं तपासून घेई. धुळाजीने सांगितलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्याला त्याचा अभिमान होता आणि तो लपवायची गरज त्याला कधी वाटली नाही.

आजचं बियाणं शेजारच्या कडूबाचं होतं. कडूबाने वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तिसऱ्या ओळीत लागोपाठ पाच दाणे कुजले होते.

"गेलं बियाणं! एका जागी पाच मेले, हे काही बराबर न्हाई."

"येड्या, मेलेले शेजारी शेजारी पडले म्हून सारं पोतं मेलं का? पुरे शंभर मोज." धुळाजीने बोट फिरवत मोजले. "अठ्ठ्याऐंशी उगवलेत. बिनघोर पेर."

दारात धुळाजीची पोरगी मोनिका उभी होती. तिच्या हातातला फॉर्म आठ दिवस बापाच्या सहीवाचून पडला होता. हैदराबादला विमानांची तपासणी-दुरुस्ती शिकायची होती तिला. पण महिन्याभरात टीव्हीवर तीन विमानं पडलेली दिसली आणि धुळाजीने पेन खाली ठेवलं. 'हा योगायोग न्हाई,' एवढंच म्हणाला होता. फॉर्म भरायची उद्या शेवटची तारीख होती.

"बाबा, पडलेली तीन मोजली. उडालेली किती, ते मोजलं का तुम्ही?"

पोरीने धुळाजीला त्याच्याच गोणपाटावरच्या हिशोबात पकडलं होतं. राग यायला हवा होता, पण त्याचा ऊर भरून आला. त्याने तिसऱ्या ओळीतला एक कुजका दाणा उचलला.

"मोजून भागत न्हाई. मेलेलं का मेलं, ते बी बघावं लागतं."

"तेच तर शिकायला चालले."

धुळाजीने तो दाणा तिच्या तळहातावर ठेवला. मोनिकाने तो उजेडात धरला, नखाने टरफल बाजूला केलं. मग बाकीचे चारही पाहिले.

"साऱ्यांना चीर हाय. मळणी यंत्र लई जोरात फिरवलं तुम्ही, काका."

कडूबाने वळून धुळाजीकडे पाहिलं.

"खरं का रे, धुळाजी?"

धुळाजी ओले हात पुसत होता. त्याने पेनासाठी मोनिकापुढे हात केला.

"तिनं सांगितलं न्हाई का?"