चिरंजीवांची घरफोडी

गल्लीत लागोपाठ दोन घरं फुटली आणि दोन्ही ठिकाणी चोर तळघराच्या खिडकीतून शिरले, हे कळल्यापासून शिवणकाकूंच्या मुलाच्या डोक्यात एकच किडा वळवळू लागला: आपल्या तळघराच्या खिडक्या विटांनी बुजवून टाकायच्या.

आता ते तळघर म्हणजेच काकूंचं दुकान. भिंतीच्या वरच्या अंगाला, फूटपाथला लागून, दोन बुटक्या खिडक्या. एकीतून मशीनवर उजेड पडे, दुसरीतून गिऱ्हाइकं ओणवी होऊन कपडे आत देत. कुणाची पँट आखूड करायची, कुणाची चेन बदलायची. खिडक्या बुजल्या की दुकान बंद, हे उघड होतं. मुलाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"आई, वर चांगली हवेशीर खोली आहे. आयुष्यभर पाय मारलेस मशीनवर, आता पुरे की."

"पुरे करून काय भिंतीकडे बघत बसू?"

"आणि कुणी शिरलं म्हणजे?"

"शिरून तर दाखव!"

काकू रागाच्या भरात बोलून गेल्या, पण सूनबाईंनी ते वरच्यावर झेललं. पैज ठरली. रविवारी सकाळी चिरंजीवांनी चोर व्हायचं. जेवणाच्या वेळेपर्यंत आत आले तर विटा. नाही आले तर पुन्हा विषय काढायचा नाही.

काकूंनी पदर खोचला. उजेडाच्या खिडकीला लोखंडी जाळी बसवून घेतली, तीही आतल्या बाजूने, बाहेरून बोल्ट हाताला लागू नयेत म्हणून. कपड्यांच्या खिडकीला सरकती काच होती. ती उचलून रुळातून काढता येते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण पुसताना त्या तशीच काढत. मग वरच्या पट्टीत स्क्रू पिळले. काच सरकेल, पण उचलली जाणार नाही. झाडूचा जुना दांडा टेपने मापून कापला आणि रुळात आडवा घातला, म्हणजे ती सरकायचीही नाही. काच फुटली तरी जागची हलू नये म्हणून तिच्यावर आतून जाड पारदर्शक फिल्म चिकटवली. शेवटी बाहेरचं माजलेलं झुडूप छाटून पार बोडकं केलं. चोराला आडोसा हवाच कशाला?

त्या बोडक्या झुडपाने रविवारी मजा आणली. चिरंजीव फूटपाथवर कधी पालथे, कधी उताणे, आणि अख्खी गल्ली बघतेय! नुसती बघती तर एक वेळ ठीक, ती सल्लेही देत होती. समोरचा पेपरवाला तर खुर्ची टाकूनच बसला. ऑफिसात साहेब म्हणून मिरवणाऱ्या माणसाची पार शोभा झाली. जाळी हलेना. काच उचलेना, सरकेना. शेवटी त्याने हातोडा उगारला, तशा सूनबाई वरच्या गॅलरीतून ओरडल्या, "फोडा खुशाल! नवी काच तुम्हालाच बसवायचीय!"

हातोडा बाजूला ठेवला गेला. आता पटाशी.

आत काकू मशीनवर बसून गुणगुणत होत्या. पोटचा पोर हरतोय म्हणून इतकी खूश झालेली आई गल्लीने कधी पाहिली नसेल. जेवणाची वेळ जवळ आली होती. तेवढ्यात बाहेरून "आई गं!" ऐकू आलं. पटाशी निसटली होती आणि चिरंजीवांच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

काकू ताडकन उठून स्टुलावर चढल्या, दांडा उपसला, काच सरकवली.

"दाखव, दाखव बघू हात!"

त्यांनी चिंधी घट्ट बांधली. मुलाने अंगठ्याकडे पाहिलं, मग उघड्या खिडकीकडे, मग आईकडे. आणि दोन्ही पाय आत सोडले. चौकटीच्या कोपऱ्यात पँट अडकून टर्रकन फाटली आणि साहेब कपड्यांच्या ढिगावर आदळले. बाहेर टाळ्या पडल्या.

"शिरलो," तो धापा टाकत म्हणाला.

काकूंनी उघड्या खिडकीकडे पाहिलं. जाळी शाबूत, स्क्रू शाबूत, आणि आपल्याच हाताने आपण चोराला वाट करून दिली! फार वाईट वाटलं त्यांना. पण शब्द म्हणजे शब्द.

"शिरलास बाबा. सांग गवंड्याला." त्यांनी मशीनवर झाकण ठेवलं आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

मागे कसली तरी खसफस झाली. त्या वळल्या. चिरंजीव कुणाची तरी चादर कमरेला गुंडाळून उभे होते, आणि हातात फाटकी पँट.

"बाहेरून तर मी हरलोच होतो," तो मान खाली घालून म्हणाला. "मुलगा नसतो तर काच उघडली असतीस का?" त्याने झाकण उचलून बाजूला ठेवलं आणि पँट मशीनवर ठेवली. "एवढी शिवून दे. उद्या ऑफिसला हवीय."

काकूंना हसूही आलं आणि रडूही. त्यांनी पँट उलटी करून फाटलेला भाग नीट पाहिला, घडी घातली आणि ढिगाच्या तळाशी सारली.

"उद्या जमायचं नाही," त्या म्हणाल्या. "बुधवारी ये."