डॅन्यूब कुठे पळून जातेय?

मित्रांनो, मी एक जुनी, दोघांनी मिळून चालवायची सायकल आहे. पुढे एक सीट, मागे एक सीट, पेडलच्या दोन जोड्या आणि मध्ये लांबलचक अंग. कार्डिफमधल्या एका घरामागच्या शेडमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी मी उभी असते. उभी कसली, भिंतीला टेकलेली असते. दोन्ही चाकांतली हवा केव्हाच गेली आहे.

माझा जन्म बर्मिंगहॅमजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. माझे पहिले मालक म्हणजे एक इंग्रज जोडपं. त्यांनी मला हॉलंडभर फिरवलं. नदीकाठच्या सपाट रस्त्यावरून जाण्यात काय सुख असतं ते मी अनुभवलंय, उगाच नाही बोलत! पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि दोन हजार दोन साली मी डॉक्टर पद्माकर यांच्या घरी आले.

पद्माकर इथल्या एका हॉस्पिटलात डॉक्टर. घरात पत्नी वीणाताई आणि नऊ वर्षांची मुलगी कस्तुरी. कस्तुरीला संधिप्रकाशात दिसत नसे आणि बाजूचंही हळूहळू दिसेनासं होत चाललं होतं. या आजारावर उपाय नाही, मोठी होईपर्यंत नजर जवळजवळ जाईल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने एकटीने सायकल चालवणं धोक्याचं, म्हणून मला आणलं. माझ्याबरोबर घरात एक बेतही आला. उन्हाळ्याच्या सुट्टीत डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने जर्मनीतल्या पासाऊहून थेट व्हिएन्नापर्यंत जायचं. दिसतंय तोवर पोरीला सगळं डोळे भरून दाखवायचं.

काय उत्साह होता तेव्हा! मागच्या हिरवळीवर नकाशा पसरून तिघं बसत.

"बाबा, रिव्हर आपल्या लेफ्टला असणार का? मग मी माझा मान लेफ्टलाच ठेवणार. साइडचा मला दिसत नाही ना," कस्तुरी विचारी.

"अहो, छोटा कुकर घेऊ या का? रोज ब्रेड आणि चीज खाऊन पोटं बिघडतील."

"वीणा, आपण सायकलवर जातोय, ट्रकने नाही!"

मला हसू यायचं. रविवारी टॅफ नदीच्या काठाने आमचा सराव चाले. पुढे बाबा, मागे कस्तुरी, आणि मागून वीणाताई आपल्या निळ्या सायकलवर धापा टाकत. "बाबा, हेरॉन! बाबा, त्या डॉगला एकच कान आहे!" बगळा दिसो की कुत्रा, कस्तुरीचं तोंड पेडलपेक्षा जोरात चाले. लोक थांबून माझं कौतुक करत आणि मी नुसती मिरवत असे.

पण पहिल्या उन्हाळ्यात पुण्याहून फोन आला. पद्माकरांच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं होतं. आजोबांनी हजार पौर्णिमा पाहिल्या, त्याचा सोहळा. थोरला मुलगा नको का तिथे? सगळी सुट्टी पुण्याला गेली. कस्तुरी हिरमुसली तेव्हा पद्माकर म्हणाले, "अगं, डॅन्यूब कुठे पळून जातेय? पुढच्या वर्षी नक्की." शेडमध्ये मी मनात म्हटलं, अहो डॉक्टर, या पोरीच्या वाट्याला किती पौर्णिमा आहेत ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

पुढच्या वर्षी वीणाताईंच्या थोरल्या बहिणीच्या, आशाताईच्या, मुलीचं लग्न निघालं. मग पुतण्याची मुंज, मग पुण्यातल्या नव्या घराची वास्तुशांत. चुकीचं काहीच नव्हतं हो. परदेशात राहणाऱ्या माणसाची सुट्टी आधी घरच्यांची, मौजमजा नंतर, असा त्यांचा नेम. पोरीचे डोळे त्यांनी मौजेच्या खात्यात टाकले, याचं मला वाईट वाटतं.

मला मात्र ते विसरले नाहीत, मित्रांनो! दर दसऱ्याला शेडचं दार उघडे. वीणाताई माझ्या हँडलला हळदकुंकू लावत, बागेतल्या झेंडूची माळ घालत. पद्माकर हात जोडत. मग दार बंद. साखळीला तेलाचा थेंब कोणी घातला नाही. साखळी गंजली, सीटचं कातडं तडकलं, आणि कुंकवाचे थर मात्र वाढत गेले.

परवाच्या दसऱ्याला कस्तुरीही आली. सोळा वर्षांची, बाबांच्या खांद्याएवढी. हातात पांढरी काठी होती. तिने चाचपडत माझी मागची सीट शोधली आणि तिच्यावर तळवा ठेवून उभी राहिली.

"बाबा, आपण जाणार होतो ना?"

"अगं, डॅन्यूब कुठे पळून..." पद्माकर बोलायला लागले आणि तिथेच थांबले.

कस्तुरी म्हणाली, "इट्स ओके, बाबा. माळ घातली का? माझा हातात द्या, मी घालते." तिने माळ घातली, जरा वाकडीच बसली. कोणी सरळ केली नाही.

मित्रांनो, माझं आता काही होईल असं मला वाटत नाही. माझी चाकं बदलता येतील, साखळी बदलता येईल, पण मागच्या सीटवरून "बाबा, हेरॉन!" म्हणणारी नजर कुठल्या दुकानात मिळणार? तुमच्या घरी सायकल असेल तर तिची पूजा एखाद्या वर्षी राहिली तरी चालेल, तिला काही वाटणार नाही. तिला बाहेर काढा. ज्याला काही दाखवायचं कबूल केलं असेल त्याला मागे बसवा आणि याच उन्हाळ्यात निघा. डॅन्यूब अजून तिथेच वाहते आहे.