हाजी शेहातांचं पान

उस्ता बय्यूमीच्या हाताखालून गेलेली मशीन ओळखायला डोळे लागत नसत. गूरियाच्या बाजारामागच्या त्या गल्लीत शिवणकामाच्या जुन्या, अवजड मशिनी घरटी एक होत्या. त्यातली जी कुरकुरत नाही, धापा टाकत नाही आणि मालकाला शिव्या द्यायला लावत नाही, ती बय्यूमीकडून आलेली. आजोबांच्या वयाचं लोखंड तो सुटं करायचा, घासलेटात बुडवायचा, खरवडायचा, पुन्हा जोडायचा आणि शेवटी त्यावर आपल्या नावाची पितळी पट्टी स्क्रूने बसवून ती बाहीने पुसायचा. माणूस वाईट नव्हता. पण घाण त्याला बघवत नसे, आणि आपल्याला जे बघवत नाही त्याला जगात काही काम नाही, असा त्याचा पक्का समज होता.

गल्लीतली एकच मशीन त्याच्या तावडीतून सुटली होती. ती हाजी शेहातांची, भरतकामाची. वर सुई आणि टेबलाखाली एक दांडा. दांडा हाताने फिरवाल तिकडे टाका वळतो. तिच्यावर हाजी काळ्या अबायांवर, बायकांच्या पायघोळ झग्यांवर, वेल काढायचे, आणि त्या वेलीचं पान टोकाशी किंचित कललेलं असे, वारा लागल्यासारखं. पार दक्षिणेतल्या सोहाग गावापर्यंत त्या पानाचं नाव होतं. तिकडे नवरीच्या पेटीत हाजींच्या पानाची अबाया नसली, तर सासरच्या बाया आधी पेटीकडे बघायच्या आणि मग नवरीच्या आईकडे. दुसऱ्या कारागिरांनी तसं पान काढून पाहिलं. त्यांचं एक तर ताठ उभं राही, नाहीतर लोळण घेई.

बय्यूमी जाता-येता हाजींच्या दाराशी थांबून कान देई.

"हाजी, कापड दाबायच्या पायाची दांडी खडखडतेय. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"तिला हात लावायचा नाही, बय्यूमी."

"अहो, पण ऐकवत नाही मला."

"मग कानात कापूस घाल. तू तिला न्हाऊमाखू घालशील आणि ती माझी राहायची नाही. मी मेल्यावर काय ते कर."

हाजी शब्दाचे पक्के निघाले. त्याच हिवाळ्यात ते गेले.

चाळिसावा झाल्यावर त्यांची बायको, हाज्जा इन्शिराह, खाली दुकानात आली आणि तिने मशीनवरची चादर काढली. मशीन जाम झाली होती. खरं तर गेली काही वर्षं ती मशीन हाज्जाच चालवत होती. हाजींचे डोळे अधू झाले, तेव्हापासून दांडा हिच्या हातात आणि हाजी शेजारच्या स्टुलावर चहाचा पेला घेऊन, आल्यागेल्याकडून कौतुक ऐकत. पान मात्र हाजींचंच. हाज्जालाही त्यात काही वावगं वाटत नसे. हात माझे असतील, बरकत त्यांची, असं ती म्हणे.

तिने बय्यूमीला बोलावलं. "उस्ता, होती तश्शी करून दे."

"होती तशी? होती त्याहून चांगली करून देतो, हाज्जा."

इथेच घोळ झाला.

इतकी वर्षं हुलकावणी देत आलेली मशीन समोर उघडी पडल्यावर बय्यूमीला जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. आत हाजींचा सगळा संसार होता. एका स्प्रिंगला दोरा गुंडाळलेला, एका भोकात काडी ठोकलेली. बय्यूमी एकेक गोष्ट उपसत होता आणि दर वेळी मयताबद्दल अल्लाकडे दयेची याचना करत होता, कारण नुसतं चडफडणं बरं दिसलं नसतं. पायाच्या दांडीमागच्या खोबणीत नखाएवढा काळाकुट्ट, तेलात भिजून चिकटलेला तुकडा सापडला. त्याने तो चिमट्यात धरला, "शी!" म्हणाला आणि उसळीच्या उष्ट्या पावाबरोबर कचऱ्यात टाकला. कचरा गोळा करणाऱ्यांची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन गेली.

मशीन आवाज न करता चालू लागली. पट्टी बसली. हाज्जाने मुलूखियाची पालेभाजी आणि ससा रांधून वाढला. बय्यूमी बोटं चाटत घरी गेला.

पुढच्या खेपेला सोहागचा व्यापारी मुअल्लिम खलफ आला तो गठ्ठा परत घेऊनच. त्याने एक अबाया टेबलावर पसरली.

"हाज्जा, हे काय आहे? पान आहे की पोलीस? कसं ताठ उभंय बघा!"

"माझ्याच हातचं आहे, मुअल्लिम. वर्षानुवर्षं..."

"तुमचं असेल हो. पण हाजींचं नाही. बाया म्हणतात, नाव मयताचं लावून दुसऱ्याचा माल खपवताय. मी तोंड कुठे लपवू?" मग हाज्जाचा चेहरा पाहून तो जरा खाली आला. "मौलिदचा उत्सव झाला की येतो. जुनं पान असेल तर सगळा माल उचलतो. नाहीतर मला दुसरं दार बघावं लागेल. तुमच्यावर राग नाही माझा."

हाज्जाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. खलफ गेला की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की मशीन गेली. ती कुठे जाईल तेही ठरलेलं होतं. पलीकडच्या श्रीमंत वस्तीतला एक कॉफीवाला दोनदा विचारून गेला होता. त्याला फक्त लोखंडी पाय हवे होते, वर काच ठेवायला. हे ऐकलं आणि बय्यूमी हातातलं काम टाकून हाज्जाकडे धावला. आपण जिवंत केलेल्या मशीनच्या पायांवर कॉफीचे कप!

"हाज्जा, चूक माझी आहे," तो म्हणाला. "आत एक तुकडा होता. मला कचरा वाटला."

"माझ्या घरातला कचरा मला न विचारता टाकलास?"

"घाण होती हो."

"ती घाण आम्हाला जेवू घालत होती, उस्ता."

बय्यूमीने मान खाली घातली. गल्लीत त्याला असं कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो खोबणीत काय काय कोंबू लागला. पितळेचा पत्रा, रबर, पुठ्ठा, जुन्या तरबूश टोपीचा नमदा. हाज्जा वेल काढी, तो भिंग लावून पान बघे आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेई. अख्ख्या शहराच्या मशिनी दुरुस्त करणारा हा माणूस आता एक मशीन बिघडवायला बसला होता आणि तेही त्याला जमत नव्हतं. शेवटी मोच्याकडून चामड्याचा तुकडा आणला, तेव्हा पान थोडं हललं. पण ते वाऱ्याचं हलणं नव्हतं, ताप भरल्यासारखं होतं.

"चामडंच होतं," बय्यूमी पुटपुटला. "पण कुठलं?"

हाज्जा त्याच्यापुढे चहा ठेवून समोर बसली. थकली होती. "जाऊ दे, उस्ता. हाजी गेले आणि सगळंच उठून गेलं या घरातून. उंदीरसुद्धा गेले."

"उंदीर?"

"माझ्या सपातांच्या मागे लागले होते मेले. दर साल टाच कुरतडायचे. मांजर पाळलं, विष घातलं, काही उपयोग नाही. आता हाजी गेल्यापासून बघ, सपातांना पुन्हा दात लागला नाही."

बय्यूमीने पेला खाली ठेवला. "बघू ती सपाता."

तिने पायातली एक काढून दिली. मागच्या ईदेची, वापरून मऊ झालेली. टाचेच्या एका कडेला नखाएवढी खाच होती. बय्यूमीने तिच्यावरून बोट फिरवलं.

"हाज्जा, उंदराला इतकी सरळ रेघ कुरतडता येत असती, तर मी त्याला कामावर ठेवला असता."

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिचा चेहरा पडला. सबंध गल्लीत ती एका गोष्टीचा तोरा मिरवत आली होती. दर ईदेला, न चुकता, हाजी तिला नव्या चामड्याच्या सपाता आणत. बाकीच्या बायकांचे नवरे मिठाईसुद्धा विसरायचे.

"म्हणजे त्या माझ्यासाठी नव्हत्याच," ती म्हणाली. "या लोखंडी बयेसाठी होत्या. आणि मी नमाजात त्यांच्यासाठी दुवा मागत होते, उंदरांना विष घालत!"

ती तरातरा वर गेली आणि कागदात गुंडाळलेला एक नवा जोड घेऊन आली. हाजींनी जाण्याआधी आणून ठेवलेला. तो पायात घालायचं तिचं धाडस झालं नव्हतं. "घे. काप. तिचा हक्क तिला दे."

बय्यूमीने नव्या टाचेचा तुकडा कापला, खोबणीत बसवला. हाज्जाने दांडा फिरवला. पान उभंच राहिलं, ताठ.

मग बय्यूमीने तिच्या पायातली जुनी सपाता पुन्हा मागितली, खाचेला लागून दुसरा तुकडा काढला, त्याला तेल पाजलं आणि आत सरकवला. मशीन खडखडली. त्याच्या कानाला तो आवाज अजूनही सोसवत नव्हता. पण सुईखालून वेल निघाली, आणि वेलीवर पान, टोकाशी किंचित कललेलं.

हाज्जाने त्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते.

"नवं चामडं उसळतं," बय्यूमी हळू आवाजात म्हणाला. "हे वर्षभर दबलंय. तुमच्या चालीने. कुणाच्याही चालीने झालं असतं, तर हाजींनी स्वतःच्याच सपाता कापल्या असत्या. कापून पाहिल्याही असतील."

"हात माझे. टाच माझी," हाज्जा म्हणाली. "मग त्यांचं काय होतं रे?"

"सुरी."

ती हसली. हसताहसता रडली आणि मग ओढणीच्या टोकाने डोळे पुसत पुन्हा हसली. बय्यूमीलाही गलबलून आलं. "आणि ती कुठे लावायची ते त्यांना कळलं होतं, हाज्जा. मला नाही कळलं," तो म्हणाला. त्याने खिशातून पेचकस काढला आणि मशीनवरची आपल्या नावाची पट्टी स्वतःच उतरवली.

मौलिद झाल्यावर खलफ आला. बय्यूमी कोपऱ्यात चहा पीत बसला होता. खलफने अबाया उजेडात धरली, पानावर अंगठा फिरवला आणि त्याचा आवाज जड झाला.

"याला म्हणतात हाजींचा हात! अल्ला त्यांना जन्नत देवो. माणूस जातो, हात जात नाही. आणि हाज्जा, तो कोण मेकॅनिक आणला होतात, त्याला पुन्हा दारात उभा करू नका."

"छे, छे," कोपऱ्यातून बय्यूमी म्हणाला. "मुळीच उभा करू नये."

हाज्जाने पेल्याआड तोंड लपवलं.

माल गेला. आता प्रश्न पुढच्या सालाचा होता. हाजी होते तेव्हा मशीनवरून उठून उठून चहा, जेवण, औषध घेऊन हाज्जाच्या दिवसभर जिन्यावर खेपा चालत. आता ती मशीनशी बसून असे आणि सपाता नुसत्या पायात; चामडं दबायचं कसं? म्हणून रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, ती दुकानाला कडी घालते, हाजींनी आणलेला तो शेवटचा जोड चढवते आणि गल्लीला फेऱ्या मारते. लोक हाका मारतात.

"कुठे निघालात, हाज्जा?"

"कामावर," ती सांगते आणि टाच जरा जोरात टेकवून पुढे जाते.