लीलाच्या अंगातली देवी

माझ्या धाकट्या बहिणीच्या, लीलाच्या अंगात देवी आणली ती मी. शिवाजी पेठेतल्या दहा जणी हात जोडून तुम्हाला वेगळं सांगतील. त्यांचं ऐकू नका.

तिला फेफरं होतं, आठव्या वर्षापासून. डॉक्टरांनी आमच्या वडिलांना, आण्णांना, बाजूला घेऊन तसं सांगितलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. पण घरात तो शब्द कुणी काढायचा नाही असं आईनं ठरवून टाकलं. घरात लग्नाची मुलगी होती ना, मी! गोळ्या चालू असल्या की लीला महिनोन्‌महिने बरी असायची. फक्त आवाज आणि उजेड तिला सोसत नसे. फरशीवर पळी पडली तरी दचकून भिंत धरायची. तालमीसमोर हलगी सुरू झाली की कानात कापसाचे बोळे घालून जिन्याखाली जाऊन बसायची. रस्त्यानं जाताना झाडातून ऊन-सावली डोळ्यांवर नाचायला लागली की डोळे मिटून माझा दंड धरायची. मी तिला 'राणीसरकार' म्हणून चिडवायची. ती हसायची, पण दंड सोडायची नाही.

एकोणपन्नास साली कोडोलीची माणसं मला बघायला आली. घर चांगलं होतं. ऊस, गुऱ्हाळ, आणि मुलगा शाळेत मास्तर. पोह्यांच्या बशा पितळी ताटात घेऊन मी बाहेर निघाले. हात थरथरत होते. ताट निसटलं आणि फरशीवर असं काही आदळलं की सगळं घर दणाणलं. दारात उभी असलेली लीला तिथंच कोसळली. हातपाय ताठ, तोंडाला फेस, वेणी सुटलेली. बैठकीतली माणसं उठून उभी राहिली. आईची तर पाचावर धारण बसली. खरं सांगते, त्या घडीला मला लीला दिसलीच नाही, मोडलेलं लग्न दिसलं. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं आपणहून तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं.

"आज मंगळवार न्हवं का," मी म्हटलं. "देवी येती तिच्या अंगात."

होणाऱ्या सासूनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि लीलाच्या पायावर डोकं ठेवलं. आईनं धावत जाऊन हळदी-कुंकवाचा करंडा आणला. आण्णा फरशीकडे बघत बसून राहिले. महिन्याच्या आत माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या.

पेठेत असली बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? दर मंगळवारी बायका यायला लागल्या, खण-नारळ घेऊन, कापूर घेऊन. देवी लवकर यावी म्हणून कुणीतरी हलगीवाल्यालाही बोलावलं. ज्या दोन गोष्टींपासून पोर आयुष्यभर पळत होती, नेमक्या त्याच तिच्यासमोर मांडल्या जायच्या. आईनं मला कोडोलीला पत्र धाडलं : गोळ्या द्यायच्या का? देवीच्या घरात औषधाची बाटली कुणी बघितली तर काय सांगू? मी उलट टपाली कळवलं, सध्या बंद कर, आमच्याकडची माणसं जाऊन-येऊन असतात. एवढंच दोन ओळींचं पत्र. ते लिहिताना माझा हात थरथरला नाही.

तीन वर्षं झाली, मला मूल नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, लीलाची आठवण न झाली तरच नवल. नवरात्रातल्या मंगळवारी त्यांनी मला मोटारीत घातलं आणि माहेरी आणलं.

लीलानं मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं. ती फार वाळली होती. कपाळावर पडून झालेले दोन वण होते. कानात कापूस होता, म्हणून स्वतःचाच आवाज न कळून ती जरा मोठ्यानं बोलत होती.

"आक्का, आज तरी खरं सांग त्यास्नी. तुझीच माणसं हायत की. हलगी लागली की डोकं फुटतंय गं माझं. आन् तो कापूर डोळ्यांम्होरं आला की मग मी माझी ऱ्हात न्हाय."

"आता कसं सांगू?" मी म्हटलं. "तीन वर्षं झाली. फसवलं म्हणून घराबाहेर काढतील मला."

मग तिनं दोन्ही कानांतले बोळे काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

"धर," ती म्हणाली. "बोलाव जा हलगीवाल्याला."

मी बोलावलं. मागणं माझ्यासाठी होतं, म्हणून ओवाळायचा मान माझाच. लीला पाटावर बसली. हलगी कडाडली. मी कापराचं ताट तिच्या डोळ्यांसमोर फिरवू लागले. एकदा, दोनदा, पाच वेळा. ती ज्योतीकडे बघत होती, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सहाव्या फेऱ्याला पाटावरून खाली आली. जीभ चावली गेली, ओठांवर रक्त आलं. घशातून कसलातरी आवाज निघाला.

"काय म्हणाली गं देवी?" आत्याबाई वाकून विचारू लागल्या. "सांग की लवकर!"

मी लीलाच्या तोंडाशी कान नेला. तिथं नुसती घरघर होती.

"मुलगा हुईल म्हणाली," मी सांगितलं.

आत्याबाई ढसाढसा रडल्या. संध्याकाळी लीला जिन्याखाली पडली होती, तिथं मी दूध घेऊन गेले. जीभ सुजल्यामुळं तिला नीट बोलता येत नव्हतं.

"मी काय सांगितलं, आक्का?"

मी सांगितलं.

"आन् न्हाय झाला, तर?"

मी दुधाचा पेला तिच्या ओठांशी नेला.

"मग परत घिऊन येतील तुला," ती म्हणाली. रागानं म्हणाली असती तर मला सोसलं असतं. ती माझी काळजी करत होती.

मला मूल झालं नाही. पुढच्या नवरात्रात आम्ही परत गेलो. जाताना कापूर मीच विकत घेतला.