आश्रिताची सही

बाबा गेल्यानंतर तीन आठवड्यांनी पाणीपुरवठा खात्याचे कारकूनकाका फॉर्म घेऊन आले. पंपघरामागचं आमचं घर बाबांच्या नोकरीबरोबर मिळालेलं. आईने सही केली तर आणखी वर्षभर राहता येणार होतं. नाही तर शनिवारी सामान रस्त्यावर.

आईने चष्मा लावला, फॉर्म वाचला आणि परत केला.

"मी नाही सही करणार."

"अगं, का?" मी म्हटलं.

"इथे लिहिलंय, 'मी मयताची आश्रित'. आश्रित म्हणजे पावसात दुसऱ्याच्या वळचणीला उभा राहतो तो. मी लग्न करून या घरात आले, वळचणीला नाही."

काका बाबांचे जुने मित्र, त्यामुळे धीराचे. "बरं वहिनी, 'अवलंबून' लिहू?"

"अवलंबून खुंटीवरचा सदरा असतो."

"मग 'हाताखालची'?"

"त्यांच्या हाताखाली तीन माणसं होती. त्या तिघांना विचारा, हे स्वतः कुणाच्या हाताखाली होते!"

हे मात्र खरं होतं. बाबांना कमी ऐकू यायचं, आणि पंपाचं दुखणं आवाजावरून कळतं. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "दोन नंबर कण्हतोय," की बाबा चपला घालून निघायचे. पंप बिघडायच्या आधी याला कसं कळतं, म्हणून खात्यात त्यांचा केवढा दबदबा. साहेबांनी प्रशस्तिपत्रक दिलं, ते आईने डब्यांच्या फळीवर अंथरलं.

"मोजे कुठे आहेत ते त्यांना माहीत नसायचं, पंप कुठे दुखतोय तेही नाही," आई आता रंगात आली होती. "आश्रित कोण मग? लिहा, मयत हे माझे आश्रित."

"वहिनी, मेलेल्या माणसाच्या नावावर घर नाही हो देता येत!"

मला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच फुटलं, म्हणून मी पाणी आणायला आत गेले आणि जरा जास्तच वेळ लावला.

बाहेर आले तेव्हा काका घाम पुसत होते. "खात्याला तुमच्या संसारात नाक खुपसायचं नाहीये, वहिनी. तो होता तेव्हा कोण कुणाच्या जिवावर होतं, ते तुमचं तुम्ही बघा. फॉर्म फक्त आत्ताचं विचारतो. तो गेल्यानंतरचं."

आईने फॉर्म पुन्हा ओढून घेतला आणि ती ओळ बोट ठेवून वाचली. काका उगीचच बाकीचे कागद सारखे करत राहिले.

"आत्ताचं विचारताय होय," ती शेवटी म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचं."

तिने पेन घेतलं आणि सही केली. खाली तारीख टाकायची होती. ती तिने मला विचारली, मी काकांना विचारली.